मी राहावं म्हणून केलेल्या सुधारणा

माझी खुर्ची करकरते, एवढंच मी म्हणालो होतो. तेसुद्धा विचारलं म्हणून. आमच्या हिर्विलाम्पी गावात न विचारता बोलायची पद्धत नाही, आणि विचारल्यावरही माणसं बेतानंच बोलतात. त्या एका वाक्यापायी पुढे पालिकेची अख्खी इमारत रिकामी झाली आणि लेखा विभागानं माझ्याशी अबोला धरला. अबोला धरलाय हे कळायला मला बराच काळ लागला, कारण ते आधीही बोलत नसत.

आमच्या पालिकेत वर्षातून एकदा प्रत्येकाला साहेबासमोर बसून मोकळेपणानं बोलावं लागतं. मोकळेपणासाठी वेळ राखून ठेवलेला असतो आणि तो संपेपर्यंत दार लावून बसावं लागतं. माझी साहेब योन्ना. एके काळी ही मुलगी उन्हाळी उमेदवार म्हणून माझ्या हाताखाली आली होती आणि नकाशाची घडी कशी घालावी हे तिला मी शिकवलं होतं. आता ती बांधकाम खात्याची प्रमुख आहे आणि नकाशाची घडी कुणीच घालत नाही.

"आउलिस," योन्ना म्हणाली, "निवृत्तीचं वय तुम्ही मागेच ओलांडलंत."

"हं."

"तुमच्या जागेसाठी जाहिरात देऊन पाहिली. एकच अर्ज आला. त्या मुलाला खरं म्हणजे अग्निशमन दलात जायचं होतं."

"हं."

"वरून सांगणं आलंय, अनुभवी माणसं टिकवा. तर मोकळेपणानं सांगा, कामाची परिस्थिती कशी असली तर तुम्ही आणखी एक वर्ष राहाल?"

आता खरी गोष्ट अशी की मला राहायचंच होतं. सकाळी नऊ वाजता आमच्या खात्याची माणसं मागच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती जमतात. नोंदणी विभागातली तेल्लेर्वो कॉफी ओतते आणि शब्दकोडं उघडते. बुधवारी ती घरून वेलदोड्याचे पाव करून आणते. कुणी काही बोलत नाही. मधूनच तेल्लेर्वो विचारते, "पाच अक्षरी, दक्षिण अमेरिकेतला प्राणी," आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत त्या प्राण्याचा विचार करतो. कप रिकामे झाले की कुणीतरी "चला, असं आहे" म्हणतो आणि उठतो. गेली कित्येक वर्षं माझं समाजजीवन म्हणतात ते हेच.

पण हे साहेबाला सांगायचं कसं? 'तुम्हा मंडळींशिवाय मला करमणार नाही' असं सरकारी वेळात, दार लावून, शुद्धीवर असलेला माणूस म्हणू शकत नाही. काहीतरी तांत्रिक कारण देणं भाग होतं.

"खुर्ची करकरते," मी म्हणालो. "ती दुरुस्त झाली तर बघू."

योन्नाच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की मला माझीच भीती वाटली.

घरी असतो तर मी त्या खुर्चीत तेलाचे दोन थेंब टाकले असते. पण पालिकेची खुर्ची ही पालिकेची मालमत्ता. तिला तेल घालायचं तर देखभाल खात्यानं घालायला हवं, आणि देखभाल खात्याचं म्हणणं पडलं की हा तेलाचा प्रश्न नसून कर्मचाऱ्याच्या आरोग्याचा आहे. म्हणून एके सकाळी कामगार आरोग्य केंद्राकडून मिंत्तू नावाची फिजिओथेरपिस्ट आली. वयानं माझ्या नातीपेक्षा थोडीशीच मोठी, हातात मोजपट्टी. तिनं सगळ्यांदेखत मला उभं केलं, बसवलं, वाकवलं. माझी कोपरं मोजली. मग दोन पावलं मागे जाऊन, लोक घराच्या वाकलेल्या कुडाकडे बघतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा डावा खांदा खाली आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"तो तिथेच असतो," मी म्हणालो.

"आउलिसकाका, खुर्ची करकरत नाहीये. तुम्ही वाकडे बसता, म्हणून ती करकरते."

पलीकडून तेल्लेर्वो म्हणाली, "मी हे केव्हापासून म्हणतेय."

ती हे कधीही म्हणाली नव्हती.

मिंत्तूच्या शिफारशीप्रमाणे माझी खुर्ची गेली आणि विजेवर वर-खाली होणारं टेबल आलं. आता मी उभ्यानं काम करायचं. तोवर आमच्या कचेरीत सगळे बसलेले असत, त्यामुळे कुणाला कुणी दिसत नसे. एकत्र काम करण्याचा पाया तोच होता. आता मी सगळ्यांच्या वर कंबरेपासून उगवलो. तसे मी फक्त डोळ्यांना विसावा म्हणून समोर बघायचो. पण समोर लेखा विभाग होता.

"तुरुंगाच्या मनोऱ्यावरचा पहारेकरी दिसतोस," तेल्लेर्वो म्हणाली. "मघाशी मी नाक पुसलं, तेही तू पाहिलंस."

"मी गटारांच्या नकाशाचा विचार करत होतो."

"माझ्याकडे बघून?"

मग माझ्याभोवती पडदे उभारले. पडद्यांमुळे अंधार झाला म्हणून दिवा आला. तो दिवा उत्तर ध्रुवाजवळच्या माणसांना हिवाळ्यात सूर्याचा भास व्हावा म्हणून बनवलेला होता. संध्याकाळी घरी गेलो की माझी बायको राइली माझ्याकडे बघून म्हणे, "तू भाजल्यासारखा का दिसतोस?"

इथवर सगळं निभावून गेलं असतं. पण ते टेबल बसवायला मागचं कपाट सरकवलं, आणि भिंतीवर ताटाएवढा करडा डाग निघाला. मिंत्तू टेबलाची उंची तपासायला आलेली होती. ती वाकली आणि तिनं वास घेतला.

"इथे," ती म्हणाली, "हवा बरोबर नाही."

आमच्या देशात माणसं युद्धाबद्दल, घटस्फोटाबद्दल, अगदी करांबद्दलही शांतपणे बोलतात. पण इमारतीतली हवा बरोबर नाही असं कुणी म्हटलं की तोंडचं पाणी पळतं. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिघांचं डोकं दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी लेखा विभागाचा घसा बसला. तो कसा ओळखला कोण जाणे. आतल्या हवेची समिती नेमली गेली. पांढऱ्या पोशाखातली माणसं भिंतींना भोकं पाडून तुकडे घेऊन गेली. अहवाल यायच्या आतच सगळ्यांना क्रीडागृहामागच्या मोकळ्या जागेत कंटेनरांमध्ये हलवायचं ठरलं.

कंटेनर ठेवायला तात्पुरत्या बांधकामाची परवानगी लागते. हिर्विलाम्पीत ती बांधकाम निरीक्षक म्हणून मी देतो. पण कंटेनरांचं मूळ कारणही मीच असल्यामुळे माझा या प्रकरणात हितसंबंध आहे, असं पालिकेच्या वकिलाचं मत पडलं. म्हणून ते काम शेजारच्या सार्किओया गावच्या निरीक्षकाकडे सोपवण्यात आलं. तो आर्मास. एका होडीच्या धक्क्याच्या हद्दीवरून आमचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही. ज्याचा धक्का होता तो माणूसही आता हयात नाही. आर्मास आला, जिन्याच्या पायऱ्या त्यानं गुडघ्यावर बसून मोजल्या आणि प्रत्येक पायरीला माझ्याकडे बघून मान हलवली. वयानं तो माझ्याहून मोठा.

"तू कसा अजून नोकरीत?" मी विचारलं.

"आमच्याकडे मला कुणी काही विचारत नाही," आर्मास म्हणाला. "म्हणून टिकलोय."

त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला, आणि आर्मासचा हेवा वाटावा इतकी वाईट पाळी माझ्यावर कधीच आली नव्हती.

कंटेनरांत लांब टेबल मावेना. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या कंटेनरात कॉफी घ्यावी असं ठरलं. मला तर योन्नानं एक संपूर्ण कंटेनर एकट्याला दिला. "अनुभवी कर्मचाऱ्यासाठी शांत जागा," ती म्हणाली. तिचा हेतू इतका चांगला होता की तिच्यावर रागावताही येईना. दारावर पाटी लागली: शांतता राखा. आत मी, विजेचं टेबल, तो दिवा आणि थर्मास. नऊ वाजता मी थर्मासमधून कॉफी ओतायचो आणि दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्यांचा एकट्यानंच विचार करायचो. शांतता आमच्याकडे आधीही होती. पण चौघांनी मिळून केलेली शांतता आणि एकट्याच्या वाट्याला आलेली शांतता यांतला फरक कंटेनरात बसल्याशिवाय कळत नाही.

एवढ्यावर योन्ना थांबली नाही. ज्येष्ठांना विश्रांती मिळावी म्हणून तिनं मला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळवून दिली. बुधवारची. म्हणजे वेलदोड्याचे पावही गेले.

पहिल्या बुधवारी मी घरीच आहे हे बघून राइली दारात थबकली. तिच्या मागे तिच्या विणकाम मंडळातल्या बाया बूट काढत होत्या.

"तू इथे?"

"विश्रांती घेतोय."

"कुठे?"

हा प्रश्न रास्त होता. बैठकीच्या खोलीत माग मांडलेला, स्वयंपाकघरात बाया. राइली वाईट नाही. निवृत्त झाल्यापासून तिनं आपला आठवडा नीट लावून घेतलाय, त्यात मला संध्याकाळी आणि रविवारी चांगली जागा आहे. बुधवारी सकाळी नाही, एवढंच. मी टॉवेल उचलला आणि आमच्या ओळीतल्या घरांच्या सामाईक सौन्यात, म्हणजे वाफेच्या खोलीत, गेलो. तिथे वरच्या फळीवर शेजारचा तोर्स्ती बसला होता. तोर्स्ती पूर्वी बस चालवायचा. त्यानं दगडांवर पाणी ओतलं, वाफ कानांना चावून गेली, आणि मग तो म्हणाला, "सुट्टी?"

मी त्याला सगळं सांगितलं. सौन्यात सांगता येतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

"मलाही विचारलं होतं," तोर्स्ती म्हणाला. "काय केलं तर राहशील म्हणून. मला जायचं होतं. म्हटलं, अशक्य काहीतरी मागावं. सीट मागितली, हवेवर चालणारी. मेल्यांनी बसवली. मग काय, राहावं लागलं."

"किती?"

"सीट तुटेपर्यंत." त्यानं पुन्हा पाणी ओतलं. "तू उलटं कर. निघतो म्हण. मग घाबरतील आणि विचारतील, बाबा रे, खरं काय ते सांग."

सौन्यात सगळेच सल्ले शहाणपणाचे वाटतात. दुसऱ्या दिवशी मी योन्नाच्या कंटेनरात गेलो आणि खिडकीकडे बघत म्हणालो, "वसंतात नोकरी सोडावी म्हणतोय."

मी वाट पाहिली. आता ती विचारेल, आता घाबरेल.

योन्नानं टेबलावरचे कागद नीट लावले. मग हळूच म्हणाली, "समजलं. तुमचा निर्णय आहे. मी आड येणार नाही."

तोर्स्तीचं चुकलं ते इथे. बसवाल्यांची गोष्ट वेगळी. कचेरीत दुसऱ्याच्या निर्णयात नाक खुपसणं हे आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरण्यासारखं आहे. तिनं शक्य ते सगळं केलं होतं, तरी मी चाललो होतो. मग आग्रह करून ती मला आणखी अवघड का वाटायला लावील? तिचे डोळे किंचित लाल दिसले. मी मनाशी म्हटलं, कंटेनरातली हवा.

बाहेर पडेपर्यंत तेल्लेर्वोनं केक करणाऱ्या हेल्काला फोन करून सँडविच-केक सांगितलाही होता. हा गोडाचा केक नव्हे. पावाचे थर, मधे मासळीचं सारण, वरून मेयोनीज, त्यावर कोळंबी आणि काकडीची फुलं. आमच्या गावात माणूस निवृत्त होतो तो सहीनं नाही, हेल्काच्या केकनं. हेल्का आगाऊ मागणी घेते आणि मागणी रद्द करून घेत नाही. तिच्याकडे केक सांगितल्यावर मागे फिरलेला माणूस हिर्विलाम्पीत झालेला नाही. एक मुख्याध्यापक आजारी पडले होते, त्यांच्या वाटचा तुकडा इस्पितळात पोचवला गेला, आणि ते निवृत्त झाले.

समारंभ क्रीडागृहाच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवला. तेवढ्याच जागेत सगळे मावत होते. भिंतीवर खुंट्या, खाली बाकं, आणि हवेत हॉकी खेळणाऱ्या पोरांचा असा वास की आतल्या हवेच्या समितीनं त्याविषयी तोंड न उघडणंच पसंत केलं. मधे ते लांब टेबल आणून मांडलं होतं. राइली आली होती, चांगला ब्लाउज घालून. लेखा विभाग आला होता. कंटेनरांत गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसलो. तेल्लेर्वोनं कॉफी ओतली. कुणी काही बोलेना. खुंट्यांखाली कोळंबीचा केक खात आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा तुकडा मागून घेतला.

योन्नानं छोटंसं भाषण केलं. मासे धुरावर भाजायची एक मोठी पेटी माझ्या मांडीवर ठेवण्यात आली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी 'आभारी आहे' म्हणून बसायचं असतं. मी उठलो, पेटी पोटाशी धरली, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मला जायचं नाहीये," मी म्हणालो. "मला कधीच जायचं नव्हतं. मला टेबल नको होतं, दिवा नको होता, बुधवार तर मुळीच नको होता. मला नऊ वाजता तुमच्याबरोबर बसून कॉफी प्यायची होती, तेवढ्यासाठी मी आणखी किती तरी वर्षं राहिलो असतो, आणि हे मला सांगता आलं नाही म्हणून मी खुर्चीचं नाव घेतलं."

पलीकडच्या न्हाणीघरात नळ गळत होता, तो ऐकू येऊ लागला. लेखा विभागानं मान खाली घातली. कुणी कपडे काढून नाचला असता तरी लोक इतके ओशाळले नसते.

पहिल्यांदा राइली बोलली. "लग्न झाल्यापासून," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "एवढं लांब वाक्य हा माझ्याशी बोललेला नाही."

"पण मी विचारलं होतं!" योन्ना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "स्पष्ट विचारलं होतं, कामाची परिस्थिती कशी हवी!"

"कॉफी परिस्थितीत धरतात हे मला माहीत नव्हतं."

"मलाही," योन्ना म्हणाली आणि मटकन बाकावर बसली. "आउलिस, मला वाटलं तुम्हाला माझ्या हाताखाली नको झालंय. म्हणून मी एकेक वस्तू आणत गेले."

"नकाशाची घडी तू चांगली घालायचीस," मी म्हणालो. तिनं नाक पुसलं. तेल्लेर्वोनं तिला रुमाल दिला आणि मग माझ्याकडे वळली.

"हे सगळं ठीक आहे. पण केक कापलाय."

कागदावर माझी सही झालेली नव्हती, कारण कंटेनरांत अजून प्रिंटर बसला नव्हता; पण कागदाचं काही नाही. प्रश्न केकचा होता. तेल्लेर्वो उठली, टेबलाच्या टोकाला गेली आणि केक चारी बाजूंनी पाहिला.

"या बाजूचा अख्खा आहे," ती म्हणाली. "अर्धाच निवृत्त झालाय. उरलेला झाकून शीतकपाटात ठेवा."

लेखा विभागातून आवाज आला, "आणि पेटी?" अबोला धरल्यापासूनचे हे त्यांचे पहिले शब्द.

"दिलेली भेट परत घेत नाहीत," तेल्लेर्वो म्हणाली. "पुढच्या वेळी जाशील तेव्हा नुसती कॉफी मिळेल. आणि शुक्रवारी सगळ्यांना मासे."

घरी जाताना गाडीत पेटी राइलीनं मांडीवर घेतली होती. वळणावर म्हणाली, "मलाही सांगायचंस की. कधीतरी. एवढं लांब नको."

मी विचार केला. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग सुरू झाले.

"तुझी कॉफी तेल्लेर्वोपेक्षा चांगली असते," मी म्हणालो.

"पुरे," राइली म्हणाली. "रस्त्याकडे बघ." पण घर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती, काचेत मला दिसत होतं.

सोमवारी योन्नानं हुकूम काढला की दोन कंटेनरांमधली भिंत काढून कॉफीची खोली करावी. भिंत काढणं म्हणजे बांधकामातला बदल, त्याला परवानगी लागते, आणि ती मला देता येत नाही. अर्ज आर्मासकडे गेला. आर्मासनं कळवलं की हे प्रकरण बारकाईनं तपासावं लागेल.

तोवर आम्ही लांब टेबल बाहेर मांडलं, कंटेनरांच्या मधल्या बर्फात. मार्च महिना, पारा शून्याच्या बराच खाली, वाऱ्यानं टोपी उडते. नऊ वाजता सगळे जाड कोट घालून टेबलाभोवती उभे राहतात. कॉफी ओठांपर्यंत येईतो कोमट होते. शब्दकोडं तेल्लेर्वो हातमोज्यानं दाबून धरते. उन्हाळ्यात निवृत्त व्हायचं म्हणून तिनं तळ्याकाठच्या घराला नवं छप्परही घातलं होतं. परवा म्हणाली, छप्पर काही पळून जात नाही, बघू आणखी एक वर्ष. लेखा विभाग तर स्वतःहून आमच्यात येऊन उभा राहतो. कालच म्हणाला, "तापीर." कोड्यात ते बसेना, पण आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

आज सकाळी मिंत्तूची गाडी शेजारून चालली होती, ती कचकन थांबली. मिंत्तू काच खाली करून बघतच राहिली. भुवयांवर हिम जमलेले आम्ही सगळे, बर्फात रुतलेलं टेबल, आणि माझा डावा खांदा, जिथे असतो तिथेच.

"आउलिसकाका!" ती ओरडली. "या असल्या परिस्थितीत राहताय तुम्ही?"

तेल्लेर्वोनं चटकन बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल, बाई," ती म्हणाली. "कुणी ऐकलं तर सुधारून टाकतील."